चाळीस नंबर

शनिवार, सकाळचे साडेनऊ.
वडगावातल्या आमच्या सोसायटीच्या काउंटरपुढं
अकरा विणकर, आणि चंद्रव्वाची सून
पोराला कडेवर घेऊन.
मजुरीच्या चिठ्ठ्या निघेनात.

कोपऱ्यातला प्रिंटर जुना, सुया मारणारा.
चालू असला की डोकं धोट्यासारखं
या काठावरून त्या काठाला पळतं,
म्हणून इथं त्याला सगळे मागच म्हणतात.
आज माग गप्प. दिवा मात्र हिरवा.

"बंद करून चालू कर की गं," गंगाधर देवांगे म्हणाले.
यंत्रमागालाही त्यांचा हाच उपाय.
केलं. डोकं कुरकुरलं, डावीकडं जाऊन बसलं.

मग काळा पडदा उघडला.
श्रीनिवास मास्तर सोसायटी सोडताना वही देऊन गेले,
पहिल्याच पानावर लाल शाईनं:
आधी विचार, मग हात लाव.
आणि खाली बारीक अक्षरात:
म्हणजे मशीनला विचार. स्वतःच्या डोक्याला नव्हे.

विचारलं. छपाईची सेवा जागी आहे?
आहे, गुरुवारी रात्री अकरा वाजून बारा मिनिटांपासून.
(तेव्हाच करंट परत आला होता.
मी हे वाचलं, आणि पुढं गेले.)
रांगेत कोण? त्रेपन्न चिठ्ठ्या,
सगळ्यात पुढं मल्लेशी कामकर,
आणि वर एकच शब्द: थांबवलेलं.
कुणी थांबवलं, ते नाही.

हाका मारायला लागले, वहीतल्या क्रमानं.
पहिली स्वतःला. एकशेसत्तावीस, शून्य, शून्य, एक.
आपणच आपल्याला ओ देतो का बघायचं.
पुष्कळांचं इथंच अडतं, मास्तर म्हणायचे.
दुसरी राउटरला. ओ.
तिसरी प्रिंटरला, शेवटचा आकडा चाळीस.
ओ. ओ. जरा थांबून, ओ.
तारेतला प्रिंटर असा अडखळत नाही कधी.
दार ठोठावलं, तर आतून सरळ नकार:
असलं काम इथं होत नाही.

"बंतु?" शिवलिंगण्णा बाहेरून.
"इल्ल. येऊलंय."

तारेवरच्या हरेक वस्तूला जन्मनाव असतं,
कारखान्यात कोरलेलं, सहा जोड्यांचं.
वहीत प्रिंटरचं आहे, शेवट सात-एफ.
पडद्यावर चाळीसपुढं शेवट डी-दोन.

आमच्या गल्लीचे घरनंबर दोनदा बदलले,
पाट्या बदलल्या, गावाच्या नावालाही
शेवटी एक वेलांटी वाढली.
पोस्टमन बसाप्पा अजून तोंड बघून पत्र देतो.
मशीनला तोंड दिसत नाही. ते नंबर बघतं.

"चाळीस नंबरात कोण राहतंय?"
मी मोठ्यांदा विचारलं. सगळे हसले.
वॉचमन तम्माण्णा हसला नाही.
बुधवारी कामाला लागलेला, पहिल्या चिठ्ठीसाठी थांबलेला.
त्याचा फोन माझ्याच टेबलाखाली, चार्जिंगला.
काढ म्हटलं. काढला, बंद केला.
चाळीसची ओ थांबली.

करंट आल्यावर राउटर सगळं विसरून उठला,
फोन आधी जागा झाला, जुना नंबर घेऊन बसला.
आणि प्रिंटर? तो सत्तावन्न नंबरात,
दोन दिवस, कागद लावून तयार.
कुणी बोलावलं नाही, म्हणून गप्प.

राउटरमध्ये जन्मनावापुढं चाळीस पक्का केला.
तारेची डबी उपटून परत लावली.
रांग सोडली.
डोकं उजवीकडं पळालं तसं चंद्रव्वाच्या नातवानं
रडं थांबवून त्याच्याकडं बघितलं.

"माझं काय चुकलं, अक्का?" तम्माण्णानं हळूच विचारलं.
काय नाही रे. हाक आली, तू ओ दिलीस.

मल्लेशी चिठ्ठी उजेडाला धरून उभे.
"शाई फिकी आहे," म्हणाले,
"हे सहा आहे की आठ?"